वारशातली बांबूची रॉड घेऊन विलोविमॉक आणि बीव्हरकिलवर

मेच्या पहिल्या आठवड्यात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांतल्या विलोविमॉक आणि बीव्हरकिल या नद्यांवर दुपारी हेंड्रिक्सन नावाच्या पाणमाशा निघतात आणि ट्राउट वर येऊन खायला लागतात. मासेमारीची जुनी बांबूची रॉड चालवायला याहून चांगला काळ नाही. मासे पृष्ठभागावर असतात, कृत्रिम माशी बांधलेला गळ हलका लागतो आणि फेकही फार लांब मारावी लागत नाही. सोबतची रॉड नऊ फुटी, तीन तुकड्यांची, दोन शेंड्यांची (एक शेंडा जादा) साउथ बेंड होती. अमेरिकेत माळ्यावरून निघणाऱ्या बहुतेक रॉड याच जातकुळीच्या असतात. साउथ बेंड, मॉन्टेग्यू आणि हॉरॉक्स-इबॉटसन या कारखान्यांनी अशा रॉड ढिगाने बनवल्या. किंमत बेताचीच, पण मासेमारीला बऱ्याच जणी खणखणीत.

निघण्यापूर्वी ओळख पटवून घ्या. मुठीच्या लगेच वर, रोगणाखाली शाईने लिहिलेला मजकूर किंवा चिकटवलेले छाप असते. विजेरी तिरकी धरली की पुसट अक्षरेही दिसतात. लेनर्ड, पेन, ग्रेंजर अशी बनवणाऱ्यांची नावे रील सीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) धातूवर ठोकलेली सापडतात, इंग्लंडच्या हार्डीच्या रॉडवर क्रमांक असतो. हेडन आणि साउथ बेंडच्या बऱ्याच रॉडवर मॉडेल, लांबी आणि लाइनची जाडी सांगणारे अक्षरही मिळते. नाव दुकानाचेही असू शकते, कारण मोठे कारखाने दुकानांसाठी त्यांच्याच नावाने माल काढत. नाव अजिबात नसेल तर बांधणी बघा. दर इंचभर अंतरावर रेशमी दोऱ्याची गुंडाळी आणि बांबूवर वेडेवाकडे जळके डाग असतील, तर तो बहुधा कलकत्ता बांबू, म्हणजे रॉड विसाव्या शतकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची. नंतर चीनच्या ग्वांगडाँगमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. लाकडी पेटीत रंगीबेरंगी दोऱ्यांचे बरेच तुकडे आणि उलटसुलट बसणारी मूठ निघाली, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची जपानी भेटवस्तू. तिला भिंतीवर लावा, पाण्यावर नेऊ नका.

मग टेप काढा. फेरूलचा (तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीचा) आत जाणारा भाग सोडून प्रत्येक तुकडा मोजा. तिन्ही तुकडे आणि दुसरा शेंडा सारख्या लांबीचे हवेत. शेंडा तुटून पुन्हा टोक बसवलेले असणे हा नेहमीचा प्रकार. इंचभर कमी असेल तर चालते, तीन इंच कमी असेल तर शेंडा काठीसारखा ताठ होतो आणि बारीक टिपेट (माशीला बांधलेला शेवटचा धागा) तुटते. दोनपैकी जो शेंडा पूर्ण असेल तो जपून ठेवा आणि आखूड शेंड्याने सराव करा.

रॉड सहा कामट्या चिकटवून केलेली असते आणि खरा धोका त्या जोडांतच असतो. तुकडा दोन हातांत धरून अगदी हलका पीळ द्या. टिकटिक आवाज आला किंवा कामट्यांमध्ये केसाएवढी रेघ उघडली, तर सांधे सुटलेत. जुन्या रॉडमध्ये सरस वापरलेला असतो, आणि तो ओलाव्याने व उष्णतेने सुटतो. उन्हातल्या बंद गाडीत रॉडची नळी ठेवायची नाही, हा नियम त्यासाठीच. शेंड्याला थोडा बाक असेल तर घाबरू नका. नदीवर मासा लागल्यावर अधूनमधून रॉड उलटी, गाइड (लाइन ज्यांतून जाते त्या कड्या) वर करून धरली की बाक वाढत नाही. गाइडमधून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे धातूला खाच पडली आहे आणि ती लाइन सोलून काढेल. अगेटची चकती असलेला पहिला गाइड तडकला असेल तर आधी बदलून घ्या. जुने रोगण खरवडून नव्याने पॉलिश करण्याचा मोह आवरा. संग्राहकासाठी रॉडची किंमत तिथेच संपते. दोरा सैल असेल तर त्यावर रोगणाचा एक थेंब पुरतो.

लाइनच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रॉडवर ‘एचडीएच’ लिहिलेले असते. ती रेशमी लाइनची जाडी आहे: टोकांना ०.०२५ इंच, पोटात ०.०४५ इंच. प्लॅस्टिक लाइन आल्यावर जाडीवरून वजन कळेना, म्हणून १९६१ मध्ये पहिल्या ३० फुटांच्या वजनावर आधारित क्रमांक आले. ढोबळमानाने एचईएच म्हणजे ५, एचडीएच म्हणजे ६, एचसीएच म्हणजे ७. सहा क्रमांकाच्या लाइनचे ते ३० फूट १६० ग्रेन, म्हणजे १०.४ ग्रॅम भरतात. अक्षर नसेल तर ५, ६ आणि ७ या तिन्ही डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळत्या) लाइन गवतावर लोकरीचा तुकडा बांधून फेकून बघा. ज्या लाइनने वाक शेंड्यातून मधल्या तुकड्यात उतरतो, पण मुठीवर ओझे वाटत नाही, तीच तुमची लाइन. या रॉडला सहा बसली.

लिव्हिंगस्टन मॅनरजवळचे कॅटस्किल फ्लाय फिशिंग सेंटर अँड म्युझियम आधी पाहून घ्या. रॉड बनवणाऱ्यांचे काम तिथे जवळून दिसते आणि आपल्या रॉडची बांधणी कोणत्या पठडीतली आहे ते ओळखता येते. विलोविमॉक त्याच्या शेजारूनच वाहते. तिच्या नो-किल भागात फक्त कृत्रिम माशी किंवा ल्युअर (कृत्रिम आमिष) चालते आणि मासा परत सोडावा लागतो. न्यूयॉर्क राज्याचा परवाना ऑनलाइन मिळतो. नियम दरवर्षी तपासा.

पहिल्या दुपारी दोनच्या सुमारास हेंड्रिक्सन दिसू लागल्या. गळ १४ नंबरचा, लीडर (लाइन आणि टिपेटमधला निमुळता धागा) नऊ फुटी, टिपेट ५एक्स जाडीचे. अशा रॉडने ३० ते ४० फूट आरामात जाते. मागची लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे लागते; ग्रॅफाइटच्या रॉडची सवय असलेला माणूस इथे हमखास घाई करतो आणि मागे चाबकासारखा आवाज येऊन माशी तुटून जाते. डबल हॉल (फेकताना लाइन हाताने दोनदा ओढणे) विसरा. वजनदार निम्फ (पाण्याखाली बुडणाऱ्या कृत्रिम माशा) आणि शिशाच्या गोळ्याही नकोत. त्यांचा झटका थेट शेंड्यात बसतो.

दुसऱ्या दिवशी बीव्हरकिल. जंक्शन पूल हा डोह रॉस्को गावातच आहे, तिथे विलोविमॉक तिला येऊन मिळते. गर्दी असते. खाली केर्न्स पूल या डोहावर रुंद, सावकाश पाणी आहे आणि नऊ फुटी रॉडने लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकणे सोपे जाते. दुपारी दरीतून वारा वर चढला की फेक आखूड करा, जोर लावू नका. तळाचे गोटे शेवाळी आहेत, आधाराला काठी घ्या. तोल जाताना हात आपोआप रॉडकडे वळतो, आणि रॉड टेकवली की संपलीच. संध्याकाळी स्पिनर, म्हणजे प्रौढ पाणमाशा, पाण्यावर उतरतात तेव्हा मासे हळूच ओठ लावतात, म्हणून रॉड फक्त उचलायची, हिसका द्यायचा नाही.

माशी फांदीत किंवा दगडात अडकली तर रॉड वाकवून ओढू नका. रॉड अडकलेल्या दिशेला सरळ रोखा, लाइन हातात धरा आणि टिपेट तुटू द्या. माशापेक्षा झाडाने मोडलेल्या रॉड जास्त.

फेरूल सरळ रेषेत, पिळ न देता बसवायची. कोरडी आणि स्वच्छ हवी. आतला मळ स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने काढा, तेल लावू नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको. घट्ट बसणारी फेरूल घासून सैल झाली की पुन्हा घट्ट करायचे काम कारागिराचे. गार संध्याकाळी ती अडकली तर दोघांनी समोरासमोर उभे राहा. प्रत्येकाचा एक हात जोडाच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि चारही हातांनी एकदम सरळ ओढा. पक्कड नको, गाइडला धरून ओढणे नको.

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर थर्मामीटर आणा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउट पकडणे थांबवा. बीव्हरकिलचा हॉर्टनजवळचा एक भाग त्या काळात बंदच असतो. एप्रिलमध्ये पाण्याला जोर असतो आणि नवख्याला नऊ फुटी बांबू जड जातो.

मुक्कामावर आल्यावर रॉड कोरड्या कापडाने पुसा, कापडी पिशवीत घालून रात्रभर खुंटीला उभी टांगा. ओली पिशवी नळीत गेली की रोगणावर पांढरे चट्टे येतात आणि सरस सुटतो. सकाळी नळीत भरताना दुसऱ्या दिवसासाठी शेंडा बदलून घ्या.