रविवारची टिकटिक

शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ या दोघींमध्ये जेमतेम दीड दिवसाचं अंतर, पण सख्ख्या जावांसारखं त्यांचं एकमेकींशी पटत नाही. पहिली येते ती हात पसरून. दुसरी येते ती उद्याची यादी घेऊन. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी रविवारी दिवेलागणीला माझ्या पोटात अजूनही काहीतरी हलतं. गृहपाठ राहिलाय असं वाटतं. कसला गृहपाठ? पण वाटतं.

ही कळ ज्यांनी नेमकी हेरली, अशा लोकांनी केलेली एक जुनी कार्टून मालिका मी सध्या भाचीबरोबर पाहते आहे. नाव ‘द वीकेंडर्स’. डग लँगडेल यांनी डिस्नेसाठी रचलेली, 2000 ते 2004 या काळात अमेरिकेत चाललेली. कॅलिफोर्नियातलं बाहिया बे नावाचं एक काल्पनिक गाव, तिथल्या मिडल स्कूलमध्ये सातवीत शिकणारे चार मित्र, आणि प्रत्येक भागात एकच वीकेंड. शुक्रवारी गोष्ट सुरू होते, शनिवारी तिचा गुंता होतो, आणि रविवारी तो सोडवायचा, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार.

‘‘मावशी, यात शाळा कुठाय?’’ भाचीचा पहिला प्रश्न. बरोबर विचारलं तिनं. शाळकरी मुलांची मालिका, आणि शाळा जवळपास नाहीच. दिसलीच तर कुठेतरी कडेला. वर्ग भरलाय, तास चाललाय, असं तर कधीच नाही. मला वाटतं, मालिकेची निम्मी मजा या गाळण्यातच आहे. शाळेत मैत्री बाकांच्या रांगेनं होते, हजेरीपटाच्या क्रमानं होते. शनिवारी सकाळी मात्र कुणी कुणाला बोलवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात एवढा एकच कारभार असतो. तो तो किती गांभीर्यानं करतो!

अमेरिकेतलं मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, अकरा ते चौदा वर्षांची मुलं. धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत. खेळणी माळ्यावर गेलेली असतात, पण माळा कुठे आहे ते पक्कं लक्षात असतं. मालिकेतल्या टिनोचंच बघा. कॅप्टन ड्रेडनॉट नावाच्या महानायकावर त्याचा जीव, आणि त्याच वेळी आपण जगाला चांगलेच ओळखून आहोत अशी त्याची खात्री. तो मधूनच गोष्ट थांबवून थेट आपल्याशी बोलतो, आपली बाजू मांडतो. बहुतेक वेळा ती बाजू चुकलेली असते. ते आपल्याला कळतं, त्याला कळत नाही, आणि त्यानं तो जास्तच आवडायला लागतो.

बाकीचे तिघेही असेच. लॉर खेळात कुणालाही पाणी पाजेल, अभ्यासात मात्र गटांगळ्या. घरी भावांची पलटण. टिश पुस्तकातला किडा, शेक्सपिअर वाचते, डल्सिमर नावाचं तंतुवाद्य वाजवते, आणि परदेशातून आलेल्या आईवडिलांचं बोलणं मित्रांसमोर ऐकलं की तिला भुईत गडप व्हावंसं वाटतं. कार्व्हरचा जीव बुटांत. बूट म्हणजे पायात घालायची वस्तू असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी तो वाद घालत नाही, त्यांची कीव करतो. जग आपल्याच वाईटावर टपलंय अशी त्याची समजूत आहे. त्या वयात कुणाची नसते?

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं बोलणं. चौघं पिझ्झाच्या दुकानात बसतात आणि बोलतात. कशाबद्दल? विशेष कशाबद्दलच नाही. एकानं विषय काढायचा, दुसऱ्यानं तो भलतीकडे न्यायचा, तिसऱ्याचं लक्षच नसायचं आणि चौथ्यानं शेवटी आपलंच घोडं दामटायचं. मोठ्यांसाठी लिहिलेल्या मालिकांतही इतकं रिकामटेकडं, खरं बोलणं क्वचित सापडतं. शिवाय त्या दुकानाची सजावट प्रत्येक वेळी वेगळी. आज तुरुंग, पुढच्या वेळी आणखी काही. मुलं त्यावर फार आश्चर्य दाखवत नाहीत. मोठ्यांनी जग रोज नव्यानं मांडावं आणि आपण त्यात निमूट पिझ्झा खावा, ही त्या वयाची रीतच आहे.

भाचीला मात्र भलतंच दिसलं. ‘‘यांचे कपडे बदलतात!’’

मी इतके भाग पाहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. कार्टूनमधली माणसं वर्षानुवर्षं एकाच शर्टावर काढतात. त्यात आळस नाही, हिशेब आहे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला 12 चित्रं होतात. बावीस मिनिटांच्या भागाला हे गणित लावलं तर आकडा सोळा हजारांच्या घरात जातो. टीव्हीसाठी काम करणारे त्यात पुष्कळ काटकसर करतात. अंग स्थिर ठेवून नुसते ओठ हलवतात, जुनी चाल पुन्हा वापरतात. पात्राचा एकच नमुना-तक्ता, एकच पोशाख, ठरलेले रंग, म्हणजे दहा हातांनी काढलं तरी पात्र तेच राहतं. कपडे बदलायचे म्हणजे हे सगळं पुन्हा मांडायचं. तरी या लोकांनी ते केलं, कारण बारा वर्षांच्या मुलाला विचारा, कालचाच शर्ट आज पुन्हा घालून मित्रांसमोर जाशील का? त्यातही गंमत अशी की कपडे काही भागांनी फिरून येतात. खऱ्या कपाटासारखे.

कपडे बदलतात, वय मात्र बदलत नाही. टिनोचा आवाज जेसन मार्सडेन या मोठ्या माणसाचा आहे, त्यामुळे चार वर्षांत तो फुटण्याचीही भीती नव्हती. सातवीतला मुलगा सातवीतच राहिला.

सगळंच गोड आहे असं नाही. टिनोची आई मला जरा जास्तच शहाणी वाटते. मुलगा तोंड उघडायच्या आत तिला त्याच्या मनातलं कळतं, आणि सल्ला अचूक. खऱ्या आयांना निदान दोनदा चुकीचा अंदाज करायची मुभा असते. तिच्या हातचं पौष्टिक जेवण भयंकर दिसतं, तेवढ्यावर तिला माणसांत ठेवलंय. काही भागांत रविवार फार घाईनं सगळ्यांना समजूतदार करून टाकतो, तेही खटकतं.

पण दुष्ट माणूस आणून ठेवण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही, हे मोठं. जगाला वाचवायचं नसतं. मित्रांना एक थाप मारलेली असते, किंवा एकाला वगळून तिघं कुठेतरी गेलेले असतात. चारांत हे फार सहज होतं, कुणी वाईट नसतानाही होतं. मोठ्यांच्या मोजपट्टीवर या गोष्टीची लांबी बोटभर. मालिका ती पट्टी बाजूला ठेवते आणि मुलांच्या टाचांवर उभं राहून मोजते. मग ऐन पेचाच्या क्षणी घड्याळाची टिकटिक ऐकू येते. भाची उशी घट्ट धरते. मीही, खोटं कशाला बोलू, कप खाली ठेवते.

परवा रविवारीच बसलो होतो. टिकटिक झाली, चौघांचं गोड झालं, टिनोनं नेहमीसारखा ‘लेटर डेज’ म्हणून आपला निरोप घेतला.

‘‘यांचा सोमवार कधीच नाही दाखवत?’’

‘‘नाही.’’

‘‘बरंय त्यांचं,’’ ती म्हणाली, आणि मला विचारायच्या आत तिनं पुढचा भाग लावला. पडद्यावर लगेच शुक्रवार उजाडला. तिचं दप्तर कोपऱ्यात तसंच पडलं होतं, एक वही अर्धी बाहेर. मी ते पाहिलं. तिनंही पाहिलं. दोघी काही बोललो नाही.