भोकं नसलेला कागद

मी अमेरिकेत मिलवॉकीत एका छोट्या ऑक्शन हाऊसमध्ये जुने कागद कॅटलॉग करतो, पत्रं, नकाशे, शेअर सर्टिफिकेट असलं सगळं. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर या बिअर कंपन्या सगळ्या याच गावच्या, त्यामुळे ब्रुअऱ्यांचे, म्हणजे बिअरच्या कारखान्यांचे, कागद कायम येत असतात.

गेल्या हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ बुटांच्या खोक्यात २२ सर्टिफिकेटं घेऊन आले, सगळी एकाच कधीच बंद पडलेल्या गावाकडच्या ब्रुअरीची. वर गरुड, कडेने हिरवी नक्षी, बोट फिरवलं तर शाईचा उठाव लागत होता, म्हणजे माल अस्सल. पहिला प्रश्न नेहमीचाच, या शेअर्सचे आज किती मिळतील? हसायची सोय नाही, ठाण्याला आमच्या बाबांच्या कपाटात पण अशी एक फाईल आहे.

२१ कागदांवर सहीवरच भोकं पाडलेली. शेअर विकला की जुनं सर्टिफिकेट कंपनीत परत जायचं, तिथे ते पंच करून रद्द करायचे आणि बुकातल्या काउंटरफॉइलला चिकटवून ठेवायचे. मागे डिंकाचे डाग होतेच. पण मग हे सगळं कंपनीच्या ऑफिसात असायला हवं, यांच्या घरी कसं? तर म्हणाले, माझे आजोबा तिथे सेक्रेटरी होते, हिशोबही तेच लिहायचे, ऑफिस बंद झालं तेव्हा खोकं घरी आलं.

बावीसावा कागद मात्र कोरा करकरीत, एकही भोक नाही, तारीख जून १९३३. दारूबंदी १९२० पासून, त्यात पॅब्स्टसारखे मोठे चीज वगैरे विकून तगले आणि बारक्यांना टाळं लागलं. मग ७ एप्रिल १९३३ ला ३.२ टक्क्यांची बिअर कायदेशीर झाली आणि गावोगावी लोक शेअर काढून जुन्या ब्रुअऱ्या परत उघडायला लागले, त्यातल्या कितीतरी थोड्याच वर्षांत बसल्या पण. भिंगातून बघितलं तर शेअरहोल्डरचं नाव आणि खाली सेक्रेटरीची सही, नाव तेच आणि अक्षरही एकाच हाताचं! आजोबांनी स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच लिहिलं होतं, १०० शेअर.

म्हणजे भोकं असलेल्या २१ जणांनी आपापला शेअर वेळेत विकून टाकला, आणि पुस्तकं ज्याच्या हातात होती तोच शेवटपर्यंत धरून बसला. आमच्या धंद्यात गंमत अशी की कलेक्टरला बिनभोकाचाच कागद हवा असतो, त्याला भाव जास्त. शेअर म्हणून किंमत शून्य, हे सांगितलं तर ते बराच वेळ त्या सहीकडेच बघत बसले.

मग म्हणाले, २१ लिलावात टाका, हा नाही. उद्याच लॅमिनेट करून भिंतीवर लावतो.

लॅमिनेट! त्याने जुना कागद कायमचा खराब होतो, मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. ड्रॉवरमधला मायलरचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा, स्लीव्ह काढून कागद स्वतः आत सरकवला आणि स्लीव्हचे पैसेही घेतले नाहीत.