आधी बोंझूर, मग बाकीचं : ल्योंमधला माझा अनुभव

पुण्यात शाळेत आठवी ते दहावी फ्रेंच घेतलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्समधल्या ल्यों शहरात आलो तेव्हा क्रियापदांची रूपं त्यामुळे तोंडपाठ होती. इथे अडायला लागलं ते बोलण्याच्या क्रमापाशी.

सुरुवातीला मी बेकरीच्या रांगेत उभी राहून नुसतं ऐकायचे. नंबर आला की गिऱ्हाईक म्हणणार, 'बोंझूर मदाम', म्हणजे 'नमस्कार, बाई'. काउंटरवरची बाई उलट 'बोंझूर' म्हणणार. त्यानंतर 'एक बागेत (लांबुडका पाव), सिल व्हू प्ले', म्हणजे 'कृपया'. आपल्याकडे 'दादा, अर्धा किलो साखर द्या' म्हटलं की त्या 'दादा'मध्येच नमस्कार येऊन जातो. इथे थेट मुद्द्यावर आलात तर समोरची बाई तुम्हालाच जरा ठासून बोंझूर म्हणते, आणि तुमचं परत येईपर्यंत साखर-बिखर काही मिळत नाही.

मग कळलं की हे दुकानापुरतं नाही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला बोंझूर. डॉक्टरकडे गेलात तर तिथे बसलेल्या सगळ्या पेशंटांना मिळून एक. लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही, आणि उतरताना 'बॉन झुर्ने', म्हणजे 'दिवस छान जावो'. मेट्रोत किंवा शहरातल्या रस्त्यावर मात्र कोणी कोणाला म्हणत नाही. तेच लोक शार्त्रझच्या डोंगरात चालायला गेले की पायवाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला बोंझूर घालतात!

संध्याकाळी सहाच्या सुमाराला बोंझूरच्या जागी 'बोंस्वार' (शुभ संध्याकाळ) सुरू होतं; नेमकी वेळ कुणी ठरवलेली नाही, समोरचा काय म्हणतोय ते ऐकायचं. निघताना दुपारी चार-पाचला 'बॉन फँ द झुर्ने' (उरलेला दिवस छान जावो), त्यानंतर 'बॉन स्वारे' (संध्याकाळ छान जावो). 'बॉन न्यूई' (शुभ रात्री) फक्त झोपायला जाणाऱ्याला. ऑफिसात त्याच माणसाला दिवसात दुसऱ्यांदा बोंझूर म्हटलं तर सकाळची भेट विसरलात असं वाटतं, म्हणून तिथे 'रबोंझूर', म्हणजे 'पुन्हा बोंझूर'.

अहो-जाहोची सवय असल्यामुळे 'व्हू' (आदरार्थी 'तुम्ही') मला जड गेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींशी आजही व्हूच चालतं. अवघड गेलं ते ऑफिसात साहेबांना पहिल्याच दिवसापासून 'त्यू' म्हणणं, म्हणजे चक्क अरे-तुरे. बाहेर मात्र वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवेपर्यंत व्हू सोडू नये. बाईमाणसाला सरसकट 'मदाम' म्हणावं. 2012 मध्ये सरकारी फॉर्मांवरून 'मादम्वाझेल' (कुमारी) काढून टाकायचा आदेश निघाला; आमच्या आजी अजून मुलींना लाडाने तसं म्हणतात, पण आपण त्या वाटेला जाऊ नये.

गालाला गाल लावायची 'बीझ' हे माझं सगळ्यात मोठं संकट होतं. ल्योंमध्ये साधारण दोनदा, दक्षिणेतल्या मोंपेलिएकडे तीनदा, आणि सुरुवात कुठल्या गालापासून करायची तेही गावागणिक बदलतं. 2020 मध्ये कोविडने ही प्रथा बंद पाडली, आणि ऑफिसांत ती पुष्कळ ठिकाणी पूर्ववत झालेलीच नाही. मला विचाराल तर बरंच झालं. तरी एखाद्या पार्टीत वेळ येतेच. तेव्हा मी लांबूनच हसून हात पुढे करते. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

नववर्षाच्या शुभेच्छांचं वेळापत्रक सगळ्यात सोपं. जानेवारीत ज्याची पहिल्यांदा भेट होईल त्याला 'बॉन आने' (नवीन वर्षाच्या शुभेच्छा), अगदी 31 तारखेपर्यंत. 1 तारखेच्या आधी तसं म्हणायची पद्धत नाही. डिसेंबरात बेकरीतून निघताना 'बॉन फेत', म्हणजे 'सणांच्या शुभेच्छा', म्हणायचं.