प्लेट उजेडात धरताना

मी बेळगावातील एका लहान प्रयोगशाळेत काम करते. सकाळी इनक्युबेटर उघडला की ब्लड अगारच्या, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी रक्त मिसळलेल्या जेलीच्या, प्लेट एकेक करून खिडकीसमोर धरणे, हे माझे पहिले काम असते; कारण तांबड्या अगारमधून उजेड आरपार आल्याशिवाय कॉलनीभोवतीचे, म्हणजे जंतूंच्या ठिपक्याएवढ्या पुंजक्याभोवतीचे, रक्त पूर्ण विरघळले आहे की नुसतेच हिरवट पडले आहे, हे कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका आईने मुलीच्या घशाचा स्वॅब देताना विचारले, "रिपोर्ट आजच मिळतोय काय ओ, ताई?" पुन्हा यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडणार होती. पण जंतू वाढायला ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास द्यावेच लागतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर टाचणीच्या डोक्याहून लहान, करड्या कॉलनी होत्या आणि प्रत्येकीभोवती तिच्याहून कितीतरी रुंद, काचेसारखे स्वच्छ वर्तुळ होते. हेच बीटा हिमोलिसिस. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून केलेल्या कॅटॅलेज चाचणीत बुडबुडे आले नाहीत, बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीही वाढ थांबली. तेव्हा घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजीन्स हा जंतू असण्याचीच दाट शक्यता होती. उपचार न झाल्यास या जंतूमुळे दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात, म्हणून मी डॉक्टरांना लगेच फोन केला. हिरवट कडा असत्या तर एवढी घाई केली नसती, कारण तसे जंतू निरोगी घशातही असतात.

रक्त मेंढीचे वापरतात. माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे किंवा औषधांचे अंश वाढीत अडथळा आणू शकतात. काचमण्यांबरोबर हलवून त्यातील फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारे धागे, काढतात आणि अगार ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावर शंभर मिलिलिटरला पाच या प्रमाणात ते मिसळतात. नवखी असताना मी एकदा घाई केली आणि सगळी बॅच चॉकलेटी झाली. हिमोफिलस नावाच्या जंतूंसाठी तसे माध्यम मुद्दाम करतात खरे, पण तांबड्या पेशी आधीच फुटल्यामुळे माझ्या कामाला ते निरुपयोगी होते.

त्याहून जास्त चीड मला घरी उरलेल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या घेऊन मगच स्वॅब द्यायला येण्याची येते. अशा घशात जंतू असला तरी तो प्लेटवर उगवेलच असे नसते, आणि मला रिपोर्टवर ‘रोगजंतू आढळले नाहीत’ एवढेच लिहावे लागते.