एका पिकोकूलॉममध्ये 31 लाख रेणू

पेशीने डोपामाइन किंवा अ‍ॅड्रिनलिन यांसारखे संदेशवाहक रसायन सोडले, एवढे कळून भागत नाही. किती सोडले ते मोजायचे तर अँपेरोमेट्री, म्हणजे त्या रेणूंपासून मिळणाऱ्या विद्युतप्रवाहाची मोजणी, करावी लागते. कार्बनचा तंतू +700 मिलिव्होल्टवर धरून पेशीला जेमतेम टेकवायचा. व्हेसिकल, म्हणजे रसायन साठवणारी पेशीतली बारीक पिशवी, उघडली की तंतूपाशी पोचलेला प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो (त्याचे ऑक्सिडीकरण होते) आणि पडद्यावर काही मिलिसेकंदांचे टोकदार शिखर उमटते. त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे विद्युतभार. एका पिकोकूलॉमला (कूलॉम हे विद्युतभाराचे एकक, पिको म्हणजे त्याचा एक लक्ष कोट्यंश) सुमारे 31 लाख रेणू, हा हिशेब विद्युतभार आणि रेणूंची संख्या यांचे नाते सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमातूनच निघतो. ग्लुटामेट हे दुसरे संदेशवाहक रसायन मात्र इथे दिसत नाही, कारण त्याचे असे ऑक्सिडीकरण होत नाही.

सगळी मेख इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे हा तंतू बसवलेल्या नळीत. 5 मायक्रॉनचा तंतू काचेच्या केशनळीत घालून नळी पुलरवर (काच तापवून ताणणाऱ्या यंत्रावर) ओढायची, टोक इपॉक्सीत बुडवून भट्टीत पक्के करायचे, मग 45 अंशांच्या कोनात घासायचे. मागून 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड भरताना बुडबुडा राहू देऊ नका. पेशीपासून दूर असतानाच प्रवाह दहाबारा पिकोअँपिअरच्या वर राहिला, तर इपॉक्सी नीट बसलेली नाही. असा इलेक्ट्रोड फेकून द्या, त्याची मनधरणी करण्यात दिवस जातो.

चारसहा पेशींनंतर शिखरे बुटकी आणि रुंद होऊ लागतात. ऑक्सिडीकरणातून तयार झालेला थर टोकावर बसतो. पुन्हा घासले की काम होते. तंतू पेशीपासून किंचित दूर सरकला तरी शिखर असेच पसरते, म्हणून आधी अंतर तपासा.

बडोद्यात मे महिन्यात आणखी एक फसगत होते. पेशी ठेवलेल्या ताटलीतले दोन मिलिलिटर द्रावण भराभर आटते, क्षारांची तीव्रता वाढते आणि पेशी स्राव कमी करते. दोष मात्र इलेक्ट्रोडला! ताजे द्रावण घातल्यावर शिखरे परतली, तर कारण हेच. पंधरावीस मिनिटांनी द्रावण बदलत राहा, नाहीतर सतत संथ धारेने चालू ठेवा.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. इलेक्ट्रोड धरणाऱ्या होल्डरवर मिठाची पुटे चढलेली असली की दमट हवेत तीच ओली होऊन प्रवाह गळतो. रोज संध्याकाळी होल्डर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, कोरडा करा आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. एवढे करूनही पडद्यावर 50 हर्ट्झची, म्हणजे घरच्या विजेतून येणारी, लाट राहिली, तर आधी ट्यूबलाइट बंद करा, मग सगळ्या अर्थिंगच्या तारा एकाच खिळ्याला आणा. फिल्टरचे बटण सर्वांत शेवटी, कारण ते शिखरही बोथट करते.