छान म्हणजे नेमकं कुठलं?

आमच्या आईनं सत्तावीस वर्षं विड्या वळल्या. निपाणीत आमच्या गल्लीत दुपारी कुठल्याही घरात डोकावलं तरी बाईच्या मांडीवर सूप असायचंच. गेल्या दिवाळीत मी आईवर लेख लिहायला घेतला. पहिलं पान सगळं तंबाखूचं: तंबाखूच्या भावासाठी झालेलं १९८१ चं आंदोलन, शेतकरी नेते शरद जोशी, पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठिय्या देऊन बसलेले शेतकरी. आई आली ती दुसऱ्या पानावर.

चौघांना वाचायला दिला. चौघेही म्हणाले, "छान झालंय." बरं वाटलं, पण तेवढ्यावरून पुढं काय करायचं ते कळेना. मग एकेकाला गाठून विचारलं, "छान म्हणजे नेमकं कुठलं? कागद न बघता सांगा."

शेजारच्या आक्का म्हणाल्या, "ते पानाचं गं, वाकवून बघायचं." शाळेतल्या मराठीच्या बाईंनाही तेच आठवलं. मामेभावाला ओलं फडकं आठवलं. आंदोलनाचा उल्लेख कुणीच केला नाही. मावशी म्हणाली, "मला रडूच आलं." तिचं रडू खरंच होतं, पण ते बहिणीसाठी होतं. लेख सुधारायला ते धरून चालणार नव्हतं.

तिघांनी सांगितलेल्या त्या ओळी अशा होत्या: "रात्री भिजवलेली तेंदूची पानं आई ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी फडकं सोडलं की एक पान बोटांत धरून वाकवून बघायची. मोडलं नाही, की मग मापाचा पत्रा ठेवून कात्री चालवायची."

या ओळी वहीत वेगळ्या उतरवल्या आणि बाकीचा लेख त्यांच्या शेजारी ठेवून वाचला. इथं 'कष्ट' हा शब्द एकदाही नाही. बाकीच्या लेखात तो नऊ वेळा होता.

मग मी चूक केली. लोकांना हे आवडलं ना, मग असंच भरपूर लिहू म्हणून तंबाखू भरणं, वळणं, तोंड मुडपणं, दोरा बांधणं, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करणं, सगळं बारकाव्यानं लिहून काढलं. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता विडी दिसते. आई कुठं गेली?"

ते ऐकून मी त्या तीन ओळी परत वाचल्या. पान वाकवून बघताना आई काहीतरी ठरवते. हे पान चालेल की नाही, हा निवाडा तिचा असतो. लोकांच्या लक्षात राहिलं होतं ते हे. वळण्याची माहिती नव्हे.

मग लेखात आई जिथं जिथं निवाडा करते तेवढ्याच जागा शोधल्या. पहिल्या खर्ड्यात "छाटणीत आईवर फार अन्याय व्हायचा" असं एक वाक्य होतं. ते काढलं आणि लहानपणी पाहिलेलं लिहिलं: मुकादमानं मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, तेव्हा आईनं त्यातली एक उचलली, त्याच्यासमोर दोन बोटांत दाबून दाखवली आणि परत कट्ट्यात ठेवली. एक शब्द बोलली नाही. १९८१ चं पान दुसऱ्या लेखासाठी ठेवून दिलं. त्याला स्वतःची जागा हवी.

नवा लेख आईला वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती. पानाच्या ओळींशी आले तशी तिनं हात वर केला.

"बरोबर लिवलीस. पर शिरंच्या आडवं वाकवायचं. उभं वाकवलं तर कुठलंबी पान वाकतंय."

'शिरेच्या आडवं' एवढं त्या ओळीत घातलं आणि लेख पाठवून दिला.