आमची वाटचाल: आधी मोजणी, मग बीज

आम्ही मत्स्यबीज विकणारे नाही, हे आधीच सांगतो, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो, "बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) काय भावानं?" लागलं तर बीज आणून देतो. पण आमचा धंदा तळं सांभाळायचा. तळ्यात मासे किती, कुठल्या जातीचे, त्यातले काढायचे कुठले आणि ठेवायचे कुठले, हे आमचं काम. या कामाचे पैसे द्यायचे असतात, हे कोल्हापुरात पटवून देण्यातच माझी पहिली काही वर्षं गेली.

2004 साली सुरुवात केली. पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेला जुना टेम्पो, ऑक्सिजनचं एक सिलिंडर, चार हापे (मासे पाण्यात ठेवायचे जाळीचे पिंजरे) आणि मामा, एवढंच भांडवल. मामा सख्खे नव्हेत. पंचगंगेच्या काठचे भोई, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणू लागलो. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर, सेक्की तबकडी (पाण्यात सोडून ते किती खोलवर स्वच्छ दिसतं हे बघायची) आणि रसायनांच्या बाटल्या घेऊन फिरणारा. पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "तळं बगायचं आसंल तर उजाडायच्या आत यावं. दिस वर आल्यावर समदीच तळी चांगली दिसत्यात." पुस्तकातही हेच आहे. रात्रभर वनस्पती आणि मासे दोघंही पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे तो पहाटे सगळ्यांत कमी असतो. पण मामांना ते पुस्तकाआधी ठाऊक होतं.

त्यांच्या ओढजाळ्याबद्दल लिहिलंच पाहिजे. जुन्या तळ्यात गुडघाभर गाळ. नुसत्या शिशाच्या गोळ्या लावलेलं जाळं त्यात रुततं, ओढणारी माणसं दमतात आणि तळाशी राहणारा मृगळ मासा खालून निसटून जातो. मामांनी खालच्या काठाला काथ्याचे तीन दोर पिळून मनगटाएवढा जाड वेढा बांधला होता. तो गाळावरून सरकतो, गाळात बुडत नाही. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, पाऊण इंच, मधे झोळी. जाळं सावलीत वाळवायचं, गाठ सुटली तर त्याच संध्याकाळी विणायची. आजही आमच्याकडे जाळं ओलं गुंडाळून ठेवलेलं मी खपवून घेत नाही.

आमचं पहिलं मोठं काम करवीर तालुक्यातलं, एका वाड्यामागचं अडीच एकराचं तळं. गाव सांगत नाही. संस्थानकाळातलं बांधकाम, तीन बाजूंना दगडी बांध, चौथीला घाट. वाड्यातल्या आईसाहेबांनी बोलावलं होतं. म्हणाल्या, "मामंजींनी सोडलेले कटले होते यात. आता मासा वाढतच नाही. बीज टाका." पहिली ओढ काढली. झोळीत चिलापीच चिलापी, म्हणजे तिलापिया. वीतभरही नाहीत, पण माद्यांच्या तोंडात पिल्लं! ही मोझांबिकची जात 1952 साली देशात आली. खायला कमी पडलं तर ती लहानपणीच वयात येते आणि पुन्हा पुन्हा वितेच. जे कटले सापडले त्यांचं डोकं तेवढं मोठं, मागे अंग वाळलेलं. उपाशी माशाची ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. मी आईसाहेबांना सांगितलं, मासे कमी नाहीत, जास्त झालेत. बीज टाकायचं नाही, मासे काढायचे.

मग मोजणी. ती कशी करतात हे लोक आजही विचारतात, म्हणून सांगतो. पहिल्या ओढींत 90 कटले आले. प्रत्येकाचा डावा पोटाचा पर मुळाशी कापला, मासा पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्यात बुडवून सोडून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा ओढ, 60 कटले, त्यातले 9 कापलेल्या पराचे. म्हणजे साठात नऊ, तर नव्वद कितीत? तळ्यात अदमासे 600 कटले. आईसाहेब घाटाच्या तिसऱ्या पायरीवर वही घेऊन बसल्या होत्या. हिशेब त्यांनीच केला, माझ्या आधी.

कुणी म्हणेल, मोहाची पेंड का नाही टाकली? हेक्टरी दोन-अडीच टन पेंड टाकली की तळं साफ होतं आणि पुढं तिचं खतही होतं. पण ती जात बघत नाही, मामंजींचे कटलेही गेले असते. म्हणून तीन वर्षं जाळ्यानंच चिलापी काढली, टेम्पो भरभरून. मग मरळ सोडले, चिलापीची पिल्लं खायला. त्यानंतर कुठं कटला, रोहू, मृगळ 3:4:3 या प्रमाणात सोडले, तेही मरळाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे वाढवून. एक वरचं खातो, एक मधलं, एक तळातलं. 2007 ते 2013 या काळात काम नीट चाललं, बाकीची तळीही आली. त्याबद्दल एवढंच.

2014 चा ऑगस्ट. वाड्यात दिवाळीनंतरचं लग्न ठरलं होतं. तळ्याच्या दोन बाजूंना पाणवनस्पती माजल्या होत्या. आम्ही त्यासाठी गवत्या मासा सोडला होता, तो सावकाश पण कायमचं काम करतो. आईसाहेब मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या. त्यांच्या पुतण्यांना धीर नव्हता. शहरातल्या एका पार्टीनं त्यांना सांगितलं, आठ दिवसांत तळं आरशासारखं करून देतो. मला न विचारता अख्ख्या तळ्यावर एकाच दिवशी तणनाशक मारलं. त्यात आठवडाभर आभाळ, सूर्य नाही, वारा नाही. मेलेलं गवत कुजू लागलं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊ लागलं. दहाव्या दिवशी पहाटे गड्याचा फोन आला.

मी आणि मामा साडेपाचला पोचलो. घाटाला कटल्यांची पांढरी पोटं लागली होती. चार-पाच किलोचे मासे, सासऱ्यांच्या वेळचा एखादाही असेल त्यात. मामा काही बोलले नाहीत. पाण्यात उतरून एकेक उचलून पायरीवर ठेवू लागले.

त्या पार्टीचा माणूस तिथं आधीच हजर. म्हणाला, यांनी पाण्यात औषध घातलं म्हणून मासे मेले. माझ्या आयुष्यात हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. मी पुतण्यांना दोन गोष्टी दाखवल्या. एक, मेलेत ते सगळे मोठे. काठाला बारकी चिलापी जिवंत होती, पाण्याच्या वरच्या थरात तोंडं काढून. विषानं मासे मेले तर लहानही मरतात, बहुधा आधी. प्राणवायू संपला की मोठे आधी जातात. दोन, बाटली. पाण्यानं काठोकाठ भरली, मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कधर्मी आयोडाइड, बूच लावून उलटसुलट केली. प्राणवायू असता तर तपकिरी साका बसला असता. बाटलीत दुधासारखा पांढरा साका उतरला. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पायरीवर ठेवली आणि वर निघून गेले.

पंधरा दिवसांत गोष्ट जिल्हाभर गेली. तीन गिऱ्हाइकांनी काम थांबवलं, एकानं मागची बाकीही दिली नाही. पतसंस्थेचे हप्ते तुंबले, टेम्पो विकला. जाळी आणि हापे मामांच्या पडवीत ठेवले. मामांनी त्या दिवाळीपर्यंत एक रुपया घेतला नाही. मी बोललो तर म्हणायचे, "जाळं इकू नगंस, बाकी बगू."

आईसाहेब परतल्या तेव्हा त्यांनी मला वाड्यावर बोलावलं. पुतणे समोर होते. आईसाहेबांनी 2004 ची वही काढली, नव्वद आणि साठाचा हिशेब होता ती. म्हणाल्या, "दहा वर्षांत यांनी गरज नसताना मला एक पिशवी बीज विकलं नाही. तळं यांच्याकडेच राहील." आणि वर्षाचे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांवर आमचा धंदा पुन्हा उभा राहिला.

ज्यांच्याकडे जुनं तळं आहे त्यांना सांगतो. गवत काढायचं तर एका वेळी तिसरा हिस्सा काढा, पुढच्या हिश्शाला किमान पंधरा दिवस थांबा, आणि कापलेलं पाण्याबाहेर टाका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर खाद्य आणि शेण त्याच क्षणी बंद करा, पंप लावून पाणी उंचावरून पाण्यात पाडा. तबकडी एका वितीच्या आतच दिसेनाशी झाली तर पाणी फार हिरवं झालंय. रंकाळा हिरवा पडलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय, तिथवर जाऊ देऊ नका. बीजाची पिशवी आणल्या आणल्या फोडू नका, पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. थाई मांगूर मासा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्याच्या संवर्धनावर बंदी आहे आणि तो तुमचं सगळं खाईल. आणि पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की काठच्या तळ्याला नदीचं पाणी लागलं असं समजा. 2019 च्या पुरानंतर अशा प्रत्येक तळ्यात आम्हाला पहिल्या ओढीत चिलापी मिळाली. पूर ओसरला की पहिलं काम जाळं ओढायचं, बीज टाकायचं नाही.

मामा 2021 ला गेले. काथ्याचा तो वेढा मी दोनदा बदलला, पिळायची पद्धत त्यांचीच. आईसाहेबांचं तळं आजही आमच्याकडे आहे, दर मे महिन्यात मोजणी होते.

त्या पार्टीचा फलक अजून हमरस्त्याला आहे. त्यावर जो फोटो आहे तो आमच्या तळ्याचा, लग्नाच्या वेळी काढलेला. घाटाच्या डाव्या बाजूला खांद्यावर जाळं घेऊन पाठमोरे उभे आहेत, ते मामा.